सोडलेलं ऋण, राहिलेली परतफेड

छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे जुन्या औरंगाबादच्या, क्रांती चौकात आज उड्डाणपूल आहे, शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे आणि कुठल्या ना कुठल्या मागणीसाठी टाकलेला मांडव बहुधा असतोच. ९ ऑगस्ट २०१६ रोजी मराठा क्रांती मोर्चाचा पहिला मोर्चा निघाला तो इथूनच. जुन्या माणसांच्या तोंडी मात्र या जागेचं नाव अजून ‘काळा चबुतरा’ आहे. १८५७ च्या जूनमध्ये हैदराबाद कंटिन्जंटच्या पहिल्या घोडदळातले शिपाई इथे बिथरले. आपल्याला दिल्लीच्या बादशहावर चालून जायला लावणार, अशी कुणकुण त्यांना लागली होती. पुण्याकडून जनरल वुडबर्नची फौज आली. पकडलेल्यांपैकी काहींना गोळ्या घातल्या, काहींना तोफेच्या तोंडी दिलं. शहराच्या आठवणीत ते सगळं याच चबुतऱ्याशी जोडलेलं आहे.

ती शिक्षा देणारे अधिकारी ख्रिस्ती होते. त्यांच्या प्रार्थनापुस्तकात येशूने शिष्यांना शिकवलेली ती छोटी प्रार्थना होती, जी आजही छावणीतल्या चर्चमध्ये दर रविवारी मराठीत म्हटली जाते. आम्ही दुसऱ्यांना सोडतो तसं तू आम्हाला सोड, असं तिच्यातलं एक मागणं आहे. तोफेला बत्ती देणाऱ्याच्या ओठांवर हे मागणं कसं बसत असेल, या प्रश्नाने मला वर्षानुवर्षं छळलं आहे. तो प्रश्न फक्त इंग्रजांचा नाही. क्षमा आणि पश्चात्ताप हे ख्रिस्ती श्रद्धेचे दोन श्वास आहेत असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. पण आधी कोणता, क्षमा करण्याचा हक्क कुणाचा, आणि अश्रू ढाळल्यावर आणखी काही देणं उरतं का, यावर दोन हजार वर्षं वाद चालू आहे. त्या वादाचा हा आढावा, शक्यतो आपल्या मातीतून.

सुरुवात शब्दापासून करावी लागेल. मत्तयाच्या शुभवर्तमानात त्या प्रार्थनेत जो शब्द येतो त्याचा मूळ ग्रीक अर्थ कर्ज असा आहे. येशू जी अरामी भाषा बोलत असे तीत कर्ज आणि पाप यांना एकच शब्द होता. इंग्रजी प्रार्थनापुस्तकाने तिथे आगळीक अशा अर्थाचा शब्द घातला आणि हिशेबाची वही दृष्टीआड केली. प्रचलित मराठी भाषांतराने ती ठेवली, ‘ऋण’ म्हणून. मराठवाड्यात हा शब्द ऐकणाऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही. सोसायटीचं थकलेलं पीककर्ज, सावकाराकडे अडकलेला सातबारा, लग्नासाठी काढलेली उचल हे सगळं त्याच्या मागे उभं राहतं. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाला उचल फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही. ऋण सोड म्हणजे काय, हे तिथे पाळकाच्या प्रवचनाआधीच कळलेलं असतं.

आपल्या नेहमीच्या ‘क्षमा’ शब्दाची घडण वेगळी आहे. संस्कृतात क्षमा म्हणजे सहन करणं आणि क्षमा म्हणजे पृथ्वीसुद्धा, सगळं पोटात घेणारी. ग्रीक क्रियापदाचा अर्थ मात्र सोडून देणं, मोकळं करणं असा आहे. सहन करणारा ओझं स्वतःकडे ठेवतो, सोडणारा ते खाली टाकतो आणि समोरच्यालाही उभं राहू देतो. माझ्या पाहण्यातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांत, विशेषतः सुनांना, क्षमेच्या नावाखाली सहन करणंच शिकवलं गेलं. शब्दाने केलेली ही फसगत लहान नाही.

येशूचा एक दृष्टांत या हिशेबावरच उभा आहे. राजाचा एक सेवक दहा हजार टॅलेंटचं देणं लागतो. एक टॅलेंट म्हणजे साधारण सहा हजार दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे देणं झालं सहा कोटी दिवसांच्या मजुरीचं. राजा ते सोडून देतो. बाहेर पडताच तोच सेवक शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. शंभर दिवसांची मजुरी. मनरेगाने वर्षाला एका कुटुंबाला जितक्या दिवसांची हमी दिली होती तितकी. ही रक्कम क्षुल्लक नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. प्रवचनकार बहुधा ती चिल्लर म्हणून उडवून लावतात. पण माणसाने माणसाचं केलेलं नुकसान खरं असतं, शंभर दिवसांच्या घामाइतकं खरं. येशू ते नाकारत नाही. तुला जे सुटलं त्याच्याशी याची तुलना कर, इतकंच तो म्हणतो.

याच शब्दावर शेतकरी चळवळीने एक मोलाचा आक्षेप घेऊन ठेवला आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘कर्जमाफी’ नको, ‘कर्जमुक्ती’ म्हणा असा आग्रह धरला. माफी गुन्हेगाराला असते; सरकारी धोरणामुळे जो कर्जात बुडाला त्याने गुन्हा कोणता केला, हा त्यांचा सवाल होता. धर्मशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकाइतका तो मला या चर्चेत उपयोगी पडला. ज्याची चूक नाही त्याला क्षमा देऊ करणं हा अपमान आहे. आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच पश्चात्ताप करायला लावणं हे तर पाप. इतिहासात चर्चने दोन्ही केलं आहे; त्याकडे येतोच.

दुसरा शब्द पश्चात्ताप. मागून होणारा ताप. शब्दातच भाजणं आहे. वारकरी परंपरेत याच्या शेजारी अनुताप येतो; तुकोबांच्या वाणीत तो ठिकठिकाणी भेटतो, आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं रेव्हरंड ना. वा. टिळक सांगत, त्यात या अनुतापाचा वाटा मोठा असावा असं मला वाटतं. पण नव्या करारातला ग्रीक शब्द मेटानोइआ भावनेचा नाही. त्याचा अर्थ मन बदलणं. आणि त्याच्याही मागे जुन्या करारातलं हिब्रू क्रियापद आहे, ज्याचा अर्थ आहे परत फिरणं. वाट चुकलेला माणूस जिथून चुकला तिथवर मागे येतो, तसं. भाजणं, मन बदलणं आणि मागे फिरणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडच्या चर्चमध्ये पहिलीवर भर फार, तिसरीवर फार थोडा, हे या लेखाचं गाऱ्हाणं आहे.

आणखी एक शब्द या वाटेवर भेटतो, प्रायश्चित्त. १८४३ सालचं मुंबईचं शेषाद्री प्रकरण इथे आठवतं. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने स्कॉटिश मिशनकडे बाप्तिस्मा घेतला. त्याचा लहान भाऊ श्रीपतही मिशनच्या घरात राहिला, तिथे जेवला. वडील न्यायालयात गेले, मुलगा त्यांना परत मिळाला. पण मिशनऱ्यांकडे जेवलेल्या मुलाला जातीत घ्यायचं कसं? बाळशास्त्री जांभेकर त्याच्या शुद्धीकरणाच्या बाजूने उभे राहिले, सनातनी मंडळींनी प्रखर विरोध केला, मुंबईचा ब्राह्मणवर्ग दुभंगला. त्या पोराने कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. तरी त्याला प्रायश्चित्त हवं होतं, आणि ते देऊ केलं तरी दार उघडायला लोक तयार नव्हते. थोरला भाऊ नारायण पुढे आपल्या मराठवाड्यात आला. जालन्याजवळ त्याने बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं, आणि जातीने ज्यांना कधीच आत घेतलं नव्हतं ते मांग-महार तिथे राहायला आले. एका घरातल्या दोन भावांपैकी एक परतीच्या दाराशी तिष्ठत राहिला, दुसऱ्याने दार नसलेल्यांसाठी घर बांधलं. ख्रिस्ती क्षमेचं आकर्षण आपल्याकडे प्रथम कुणाला वाटलं आणि का, हे समजायला ही एक गोष्ट पुरे.

आता मुख्य प्रश्न: आधी पश्चात्ताप की आधी क्षमा?

शास्त्रात दोन्ही सापडतं. लूकाच्या शुभवर्तमानात येशू सांगतो की भावाने चूक केली तर त्याला बोल, आणि त्याने पश्चात्ताप केला तर त्याला क्षमा कर. ही सरळ अट आहे. त्याच लूकात वधस्तंभावर खिळलेला येशू स्वतःला मारणाऱ्यांसाठी क्षमा मागतो. त्यांच्यापैकी कुणी अजून हूं की चूं केलेलं नाही. आणि त्याच लूकात उधळ्या पुत्राचा दृष्टांत. डुकरांच्या खुराड्यात बसून पोराने माफीचं भाषण पाठ केलेलं असतं, पण बाप त्याला लांबूनच पाहतो आणि धावत सुटतो. भाषण अर्धवटच राहतं. धावण्यापूर्वी बापाने पश्चात्ताप मोजला नाही. पण पोरगं वाटेला लागलं होतं, हेही खरं. बाप डुकरांच्या खुराड्यापर्यंत गेलेला नाही.

मराठी माणसाला हे ओळखीचं वाटतं, कारण आपल्याकडे पैठणची कथा आहे. गोदावरीत स्नान करून येणाऱ्या एकनाथांच्या अंगावर एक जण पुन्हापुन्हा थुंकला, नाथ पुन्हापुन्हा स्नानाला गेले. परंपरा एकशे आठ वेळा म्हणते. शेवटी तो शरमला आणि पाया पडला. इथे क्षमा आधी आली आणि पश्चात्ताप तिच्यातून उगवला. क्रांती चौकातून पैठण पन्नासेक किलोमीटरवर. ख्रिस्ती प्रवचनात ही कथा मी ऐकली आहे, आणि ऐकणाऱ्यांच्या माना हललेल्या पाहिल्या आहेत.

चर्चच्या इतिहासाने मात्र दीर्घकाळ क्रम उलटा ठेवला. पहिल्या शतकांत बाप्तिस्म्यानंतरच्या घोर पापाला आयुष्यात एकदाच, तेही सर्वांसमोर, प्रायश्चित्त असे. २५० च्या सुमारास सम्राट डेशियसच्या छळात अनेकांनी जीव वाचवायला देवांपुढे धूप जाळला. छळ थांबल्यावर ते परत आले, तेव्हा त्यांना घ्यावं की नाही यावर चर्च फुटलं. कार्थेजच्या सिप्रियनने परतीचा रस्ता लांब पण उघडा ठेवला. रोमच्या नोव्हेशियनला दार बंदच हवं होतं. नंतर आयर्लंडच्या मठवासीयांनी एकांतातला, पुन्हापुन्हा करता येणारा पापस्वीकार रूढ केला. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने तो प्रत्येकाला वर्षातून एकदा सक्तीचा केला आणि पुरोहिताला गुप्ततेचं कडक बंधन घातलं. मग दंडमाफीची पत्रं विकली जाऊ लागली. ३१ ऑक्टोबर १५१७ ला मार्टिन ल्यूथरने मांडलेल्या ९५ सिद्धांतांपैकी पहिलाच असा की ख्रिस्ती माणसाचं अख्खं आयुष्य पश्चात्ताप असलं पाहिजे. कॅथलिक बाजूने १५५१ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने हृदयाचं दुःख, तोंडाने स्वीकार आणि कृतीने भरपाई अशी तीन अंगं पक्की केली. प्रॉटेस्टंटांनी पुरोहिताचं मध्यस्थपण नाकारलं, आणि ते नाकारताना भरपाईही हातातून निसटू दिली असं माझं मत आहे. जर्मन पाळक डीट्रिश बॉनहॉफर याने १९३७ मध्ये स्वतःच्याच ल्यूथरन चर्चला स्वस्त कृपेबद्दल झोडपलं, ते याच जागी बोट ठेवून. पुढे नाझींनी त्याला फासावर दिलं.

आपल्या भागात या दोन्ही रीती शेजारी-शेजारी नांदतात. कॅथलिकांकडे पापस्वीकाराचा संस्कार आहे. गोव्याच्या कोकणीत त्याला कुमसार म्हणतात. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या उपासनेत सगळी मंडळी मिळून पापांगीकाराची प्रार्थना म्हणतात. मुक्तिफौजेच्या सभागृहात पुढे एक साधा बाक असतो. ज्याला वाटेल तो तिथे जाऊन गुडघे टेकतो. स्वतंत्र मंडळ्यांत माइक हातात घेऊन साक्ष दिली जाते. मी या सगळ्या ठिकाणी बसलो आहे. रडणं सगळीकडे पाहिलं. ज्याचं नुकसान केलं त्याच्या दारात जा, असं सांगितलेलं फार क्वचित ऐकलं.

गोव्याचं प्रकरण टाळून हा आढावा पुरा होणार नाही. १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ छापून झालं. सुमारे अकरा हजार ओव्या, मराठीवर जीव ओवाळून टाकणाऱ्या एका इंग्रज जेझुइटाच्या. देवाची दया किती मऊ भाषेत सांगता येते याचा तो नमुना आहे. पण स्टीफन्स ज्या साष्टीत काम करत होता तिथेच १५८३ मध्ये कुंकळ्ळीला, देवळं पाडली गेल्याच्या संतापात, गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केलं, आणि नंतर गावच्या म्होरक्यांना बोलणीसाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून पोर्तुगीजांनी मारून टाकलं. १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली काही वर्षं सोडली तर, गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, चाललं. त्याच्या दफ्तरात शिक्षा भोगून परत घेतलेल्यांना ‘समेट झालेले’ म्हणत. समेट! उधळ्या पुत्राच्या बापाचा शब्द कोठडीच्या दारावर कोरला गेला. पश्चात्ताप वदवून घेता येतो असं ज्या दिवशी चर्चने ठरवलं, त्या दिवशी त्याने तो शब्दच गमावला.

तो परत मिळवायचा प्रयत्न झाला. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये चर्चच्या गतकाळातल्या पापांसाठी जाहीर क्षमायाचना केली. सत्याच्या नावाखाली वापरलेल्या हिंसेचा तीत वेगळा उल्लेख होता. गोव्याचं नाव नव्हतं. त्याआधी चारच महिने ते दिल्लीला आले असताना काही हिंदू संघटनांनी गोव्यासाठी माफीची मागणी केली होती. त्या मागणीमागे राजकारण होतं म्हणून ती खोटी ठरत नाही. १० सप्टेंबर २०१९ ला कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी जालियनवाला बागेत जमिनीवर साष्टांग दंडवत घातलं. सरकारच्या वतीने बोलण्याचा अधिकार आपल्याला नाही, पण इथे जे झालं त्याची लाज वाटते, असं त्यांनी सांगितलं. ज्यांनी गोळ्या झाडल्या ते मेले, ज्यांना लागल्या तेही मेले. मग कोण कुणाला सोडणार? तरीही त्या दंडवताने मला हलवलं, कारण त्यात जागेचं नाव होतं. नाव नसलेला पश्चात्ताप हवेत राहतो.

मराठी ख्रिस्ती साहित्यात या विषयावरची सगळ्यांत खोल पानं मला धर्मशास्त्राच्या पुस्तकांत सापडली नाहीत, लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त सापडली. १० फेब्रुवारी १८९५ ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, बायकोला आधी न सांगता. लक्ष्मीबाईंची त्यानंतरची वर्षं लहान दत्तूला घेऊन, नातेवाइकांच्या आधाराने, ताटातुटीत गेली. मग त्या नवऱ्याकडे परतल्या, पण चूल वेगळी, पाणी वेगळं, सोवळं कडक. पुढे विचार करता करता त्यांच्याच मनाने घेतलं की जात माणसाने केली, देवाने नाही. आणि त्या कुणाच्याही हातचं पाणी प्यायला लागल्या. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. इथे रडारड नाही, गुडघे टेकणं नाही. एक बाई पेला उचलते आणि तिचं मन फिरलेलं असतं. मेटानोइआला मराठीत याहून नेमकं उदाहरण मला माहीत नाही. आणि नवऱ्याबद्दल? ‘मी त्यांना क्षमा केली’ अशा आविर्भावाचा या पुस्तकात मागमूस नाही. त्यांचा रागीटपणा, त्यांचा धांदरटपणा, त्यांनी दिलेला घाव, सगळं त्या हसत सांगतात, काही लपवत नाहीत. घाव नाकारला नाही आणि त्याची किंमतही वसूल केली नाही. हे पुस्तक विनोदासाठी वाचलं जातं; मी ते क्षमेचं पुस्तक म्हणून वाचतो.

याच काळात केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात दुसरं टोक दिसतं. वेल्समधल्या धर्मजागृतीच्या बातम्या ऐकून तिथे प्रार्थना सुरू झाल्या, आणि जून १९०५ मध्ये शेकडो मुली आक्रोश करत आपली पापं उघड सांगू लागल्या. यातल्या कितीतरी जणी दुष्काळातून उचलून आणलेल्या, बालविधवा, टाकून दिलेल्या. त्या प्रसंगाचा मी आदर करतो. दबलेल्या आवाजांना तिथे मोकळं होता आलं. पण वाचताना एक टोचणी राहते. ज्यांच्यावर जगाने इतकं पाप केलं त्याच रडून पापी असल्याचं सांगत होत्या. त्यांना विकणारे, हाकलणारे, उपाशी ठेवणारे त्या दिवशी कुठे होते? स्वतः रमाबाईंना हा प्रश्न अपरिचित नव्हता. त्यांचं अख्खं काम त्या पुरुषी व्यवस्थेकडे बोट दाखवणारंच होतं.

मग पश्चात्ताप खरा कोणता? नव्या करारात एका रात्रीत दोन शिष्य चुकतात. यहूदा धन्याला विकतो, पेत्र त्याला ओळखत नाही म्हणतो. यहूदालाही पस्तावा होतो. तो तीस नाणी परत नेऊन टाकतो, आपण निर्दोषाला दगा दिला असं स्पष्ट सांगतो. पण सांगतो कुणाला? याजकांना. ते खांदे उडवतात, तो जाऊन गळफास घेतो. पेत्र नुसता रडतो, आणि मग टिकून राहतो. योहानाच्या शेवटच्या अध्यायात समुद्रकाठी कोळशाच्या विस्तवाशेजारी येशू त्याला तीनदा तोच प्रश्न विचारतो. कोळशाच्या विस्तवाशेजारीच त्याने तीनदा नाकारलं होतं. आत्महत्येच्या बातम्या रोज वाचणाऱ्या मराठवाड्यात यहूदावर नीट बोललं गेलं पाहिजे. नरकाचा धाक म्हणून नको. चुकलेल्या माणसाला ऐकून न घेणाऱ्या त्या याजकांवर बोललं पाहिजे.

आणि जक्कय. यरीहोचा जकातदार, बुटका, झाडावर चढून बसलेला. येशू त्याच्या घरी जेवायला जातो, एकही अट न घालता. त्यानंतर जक्कय उभा राहून सांगतो की अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्यांना फसवलं त्यांना चौपट. येशू त्याच क्षणी त्या घराला तारण जाहीर करतो. क्षमेची पंगत आधी बसली, पण जक्कयाची वही कोरी झाली ती पैसे परत गेल्यावर. रविवारच्या शाळेत आम्ही जक्कयाच्या झाडाचं गाणं म्हणायचो. चौपटीचं गाणं कुणी शिकवलं नाही.

गेल्या काही दशकांतल्या दोन भारतीय घटना या चर्चेत हटकून येतात. २२ जानेवारी १९९९ च्या रात्री ओडिशात मनोहरपूरला ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांचे दोन लहान मुलगे, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमोथी, गाडीत जिवंत जाळले गेले. पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं सांगितलं आणि बारीपदाच्या कुष्ठरुग्णांमध्ये काम चालू ठेवलं. क्षमा वेगळी आणि कायद्याचं काम वेगळं, हेही त्या सांगत राहिल्या; हा दुसरा भाग उद्धृत करायला लोक विसरतात. दुसरी घटना २५ फेब्रुवारी १९९५ ची, मध्य प्रदेशातली. सिस्टर राणी मारिया देवास जिल्ह्यात भूमिहीनांना सावकारांच्या पाशातून सोडवत होत्या. पुन्हा तेच ऋण. बसमधून ओढून समंदर सिंगने त्यांना भोसकलं. सुपारी दुसऱ्यांची होती. २००२ मध्ये राणी मारियांच्या सख्ख्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. कुटुंबाने त्याच्या सुटकेला हातभार लावला, २००६ मध्ये तो सुटला आणि त्या घरचा होऊन गेला. राखीइतकं देशी आणि ख्रिस्ती एकाच वेळी असलेलं दुसरं चिन्ह मला सुचत नाही.

पण या दोघींचं उदाहरण तिसऱ्यावर लादण्याची सवय मला भीतिदायक वाटते. दक्षिण आफ्रिकेत आर्चबिशप डेसमंड टूटूंच्या सत्य व समेट आयोगाने पूर्ण कबुलीच्या बदल्यात राजकीय गुन्ह्यांना माफी देऊ केली; खेद व्यक्त करण्याची अट नव्हती. पोलीस कोठडीत मेलेल्या स्टीव्ह बिकोच्या घरच्यांनी याला न्यायालयात विरोध केला आणि ते हरले. टूटूंवर माझं प्रेम आहे, तरी बिकोंच्या घरच्यांची बाजू मला खोडता येत नाही. माझ्या वाट्याचं ऋण सोडण्याचा हक्क माझा. तो हक्क शासनाने, बिशपने किंवा जमलेल्या गर्दीने वापरला, तर ती दुसऱ्याच्या खिशातली उदारता होते.

चर्चच्या आतल्या अत्याचारांनी हे उघडंच पाडलं. पीडितेला क्षमा करायला सांगायचं, पुरोहिताची बदली करायची, हे जगभर घडलं. पोप फ्रान्सिस यांनी ऑगस्ट २०१८ मध्ये जगातल्या सर्व कॅथलिकांना लिहिलेल्या पत्रात चर्चने लहानग्यांना वाऱ्यावर सोडल्याची कबुली दिली. त्याच वर्षी जुलैत केरळमधल्या आरोपांनंतर राष्ट्रीय महिला आयोगाने पापस्वीकाराची प्रथाच बंद करावी अशी शिफारस केली. ती मला पटली नाही, कारण जगात एकतरी कान असा हवा जिथून शब्द बाहेर जात नाही. पण २०१२ चा पोक्सो कायदा मुलांवरील लैंगिक गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाला ती कळवायला बांधतो, आणि पापस्वीकाराची गुप्तता मोडणं पुरोहिताला चर्चच्या नियमाने वर्ज्य. या दोन बंधनांच्या मधे मूल उभं आहे. गुन्हेगाराला आधी पोलिसांकडे जायला लावणं हेच त्याचं प्रायश्चित्त, अशी भूमिका पुरोहितांनी उघडपणे घ्यावी असं मला वाटतं.

जातीचंही तेच. डिसेंबर २०१६ मध्ये भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलितांविषयीचं धोरण जाहीर करताना चर्चमध्ये जातिभेद आहे आणि ते गंभीर सामाजिक पाप आहे असं मान्य केलं. कबुली झाली. चौपटीची वाट पाहणं चालू आहे.

माझ्या आजोबांची गोष्ट सांगून थांबतो. वैजापूरकडच्या आमच्या गावात त्यांचा आणि त्यांच्या चुलतभावाचा बांधावरून वाद होता. मनात वैर असेल तर प्रभुभोजन घेऊ नये, ही आमच्याकडची जुनी रीत, मत्तयाच्या पाचव्या अध्यायावरून आलेली. आजोबा चर्चला यायचे, मागच्या बाकावर बसायचे आणि भाकर-द्राक्षरसाच्या वेळी उठून बाहेर जायचे. अकरा वर्षं. पाळक साहेबांनी कधी ओढून आणलं नाही. एका वर्षी उत्तम शुक्रवारच्या आठवड्यात आजोबांनी सरकारी मोजणी करून घेतली. दोन फूट जमीन त्यांच्याच बाजूला जास्तीची निघाली. त्यांनी कुणाला बोलावलं नाही. पहाटे पहार घेऊन गेले, बांधाचे दगड एकेक उपटले आणि दोन फूट आत आणून रोवले. दोन फुटांत लावलेली चार लिंबाची झाडं चुलतभावाकडे गेली. ती तोडली नाहीत.

चुलतआजोबा उजाडल्यावर बैल घेऊन आले. त्यांनी दगड पाहिले, झाडं पाहिली, आजोबांच्या मातीने भरलेल्या हातांकडे पाहिलं. काही बोलले नाहीत. बैलांना पाणी पाजलं आणि औत धरून नव्या बांधापर्यंत पहिलं तास काढलं. आजोबा घरी आले, हातपाय धुतले, आणि त्या रविवारी पुढच्या बाकावर बसले.